ऑक्टोबरातले युटाचे स्लॉट कॅन्यन: मान्सून संपला म्हणजे वाट मोकळी झाली का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: चौघांचा गट, सह्याद्रीत बरीच भटकंती, सांदण दरी उतरलेली, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचे कोणतेही आठ दिवस हाताशी, आणि अमेरिकेतल्या दक्षिण युटातले स्लॉट कॅन्यन, म्हणजे पाण्याने वालुकाश्मात कोरलेल्या खोल, अरुंद घळी, पायी बघायचे आहेत. तिथला उन्हाळी मान्सून सप्टेंबरात आटोपतो, उन्हाळाही ओसरलेला असतो, तर हाच सगळ्यांत सुरक्षित काळ ना? कोणते कॅन्यन घ्यावेत आणि सोबत काय न्यावं?

काळ चांगलाच निवडलाय. दिवसा हवा सुखाची, डास-माश्या कमी, आणि ऑक्टोबरच्या अखेरीस ओढ्याकाठची कॉटनवुडची झाडं पिवळीधमक झालेली असतात. मात्र उन्हाचा धोका जातो तेव्हा त्याच्या जागी दुसरे दोन येऊन बसतात: गार पाणी आणि लवकर पडणारा अंधार. पूर तर जातच नाही, त्याची येण्याची तऱ्हा बदलते. बहुतेक लोक टोपी, गॉगल आणि सनस्क्रीन घेऊन येतात आणि दुपारी तीन वाजता कमरेएवढ्या पाण्यात कुडकुडत उभे असतात.

कॅन्यनची नावं पुढे देतो. पण आधी नावं ठरवायची आणि मग हवामान कसंही असलं तरी तीच रेटायची, इथेच बहुतेक बेत फसतात. तुमच्या हातात तारखांची सवड आहे, ती वापरा. प्रत्येक दिवसासाठी एक अरुंद कॅन्यन, एक रुंद कॅन्यन आणि एक वरच्या पठारावरची वाट असे तीन पर्याय ठेवा आणि कुठला घ्यायचा ते त्या दिवशी सकाळी ठरवा. परमिट लागणाऱ्या जागांना हे पूर्ण जमत नाही, हे मान्य. पण परमिटचे पैसे वाया गेले म्हणून पूर थांबत नाही.

पुराबद्दल आधी

हे कॅन्यन बनलेच पुराने. नवाहो वालुकाश्मात उभ्या भेगा असतात, वाळू मिसळलेलं पाणी त्या भेगांतून धावतं आणि कानशीने घासावं तशी भिंत घासत नेतं. म्हणजे तुम्ही ज्या वाटेने चालणार ती पाण्याचीच वाट आहे, तुम्ही मधल्या वेळात तिथे आहात इतकंच. वरचा प्रदेश बराचसा उघड्या कातळाचा, माती थोडी, झाडी विरळ. पडलेला पाऊस मुरत नाही, थेट खाली येतो.

सह्याद्रीत पाऊस आपल्या डोक्यावर पडत असतो, त्यामुळे ओढा चढणार याचा अंदाज येतो. इथे तसं नसतं. पॅरिया नदीचा उगम ब्राइस कॅन्यनच्या बाजूला आहे. तिकडे ढग फुटला तर खाली कित्येक मैलांवर निळ्या आकाशाखाली चालणाऱ्याला त्याचा पत्ता पाणी येईपर्यंत लागत नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातल्या लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक वाहून गेले. तिथे पाऊस जवळजवळ नव्हताच, तो वरच्या अंगाला पडला होता. १४ सप्टेंबर २०१५ रोजी झायन राष्ट्रीय उद्यानातल्या कीहोल कॅन्यनमध्ये ७ जण पुरात मेले आणि त्याच दिवशी हिलडेल गावात पुराने आणखी १३ बळी घेतले. सप्टेंबरचा मध्य आला तरी मान्सून पूर्ण जोरात असू शकतो, हे यातून घ्यायचं.

आता ऑक्टोबरचं. उन्हाळी मान्सूनचा पाऊस साधारण दुपारी, गडगडाटासह, छोट्या टापूत पडतो. म्हणून ‘पहाटे शिरा, दुपारच्या आत बाहेर पडा’ हा ठोकताळा जुलै-ऑगस्टात थोडाफार चालतो. शरदातला पाऊस वेगळा. पूर्व पॅसिफिकमधल्या चक्रीवादळांचा हंगाम नोव्हेंबरअखेरपर्यंत असतो, आणि एखाद्या वादळाचे अवशेष ओल घेऊन वर सरकले किंवा एखादा कमी दाबाचा पट्टा वेगळा पडून या पठारावर रेंगाळला, की दिवसभर, मोठ्या टापूत, कुठल्याही वेळी पाऊस लागतो. अशा दिवशी सकाळी लवकर शिरून काहीही साधत नाही. उन्हाळ्याचा नियम पाठ करून ऑक्टोबरात येणारे इथे चकतात. जमेची बाजू अशी की ही मोठी वादळं हवामानखात्याला दोन-तीन दिवस आधी दिसतात, उन्हाळी ढगासारखी ती तासाभरात उभी राहत नाहीत. म्हणजे आपल्याला तारीख हलवायला वेळ मिळतो.

बघायचं काय, ते क्रमाने सांगतो. आदल्या संध्याकाळी अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या संकेतस्थळावर नकाशात बोट ठेवाल तिथला अंदाज मिळतो. बोट पार्किंगवर ठेवू नका. कॅन्यनचा पाणलोट नकाशावर वरपर्यंत शोधा आणि त्याच्या डोक्यावरचा अंदाज वाचा. मग तीच संस्था या भागातल्या राष्ट्रीय उद्यानांसाठी पुराच्या शक्यतेची चार पायऱ्यांची श्रेणी देते: अपेक्षित नाही, शक्य, संभाव्य, अपेक्षित. नवख्या गटाने अरुंद कॅन्यनमध्ये फक्त पहिल्या पायरीच्या दिवशी जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘शक्य’ ही दुसरी पायरी ऐकायला सौम्य वाटते, पण तिचा अर्थ एवढाच की काही कॅन्यनना पूर येईल आणि तो कुठल्या हे कोणी सांगू शकत नाही. शेवटी सकाळी निघण्यापूर्वी रडार आणि नदीमापकाचा आकडा बघा. अंदाज चांगला असूनही आकडा रात्रीतून चढलेला असेल, तर वर कुठेतरी पाऊस झालाय.

मापकाच्या आकड्याचा अर्थ लावायला शिका. झायनमधल्या नॅरोजसाठी, म्हणजे नदीच्या पात्रातूनच चालायच्या अरुंद घळीसाठी, व्हर्जिन नदीच्या उत्तर फाट्यावरचं मापक बघतात. प्रवाह सेकंदाला १५० घनफुटांवर, म्हणजे सुमारे सव्वाचार हजार लिटरवर गेला की उद्यान ती वाट बंद करतं. पुराचा इशारा निघाला तरी बंद करतं. पण १४० ला उघडी आहे म्हणून १४० ला जावं असं नाही. कोरड्या शरदात आकडा साधारण ५० च्या आसपास असतो. तेव्हा बहुतेक ठिकाणी पाणी गुडघ्यापर्यंत, अधूनमधून मांडीपर्यंत, एखाद्या डोहात कमरेपर्यंत येतं. १०० च्या पुढे तेच डोह छातीला लागतात आणि गोलगोट्यांवर पाय टिकत नाही. तुमच्यातला सगळ्यांत कमी उंचीचा माणूस कोण, त्याच्या हिशेबाने ठरवा.

आत असताना लक्ष कशाकडे? स्वच्छ पाणी गढूळ होणं ही सगळ्यांत पहिली खूण, आणि ती बऱ्याचदा आवाजाच्या आधी दिसते. पाठोपाठ काटक्या-पाला वाहत येणं, पातळी किंवा ओढ वाढणं, आणि घाटात ट्रक चढत असल्यासारखी घरघर. यातलं एक जरी दिसलं तरी खालच्या दिशेने पळत सुटू नका, पाणी तुमच्यापेक्षा वेगाने येतं. वर चढा, मिळेल तितकं. दोन मीटरही फार असतात. आणि चढायला जागा आयत्या वेळी सापडत नाही, म्हणून जातानाच दर थोड्या वेळाने ‘आत्ता पाणी आलं तर कुठे?’ हे एकमेकांना बोलून दाखवा. ज्या टप्प्यात या प्रश्नाला उत्तर नाही तो टप्पा न रेंगाळता पार करा. फोटो त्याच्या आधी किंवा नंतर. बकस्किन गल्च (गल्च म्हणजे घळ) या लांबलचक स्लॉटमध्ये मान वर करून बघाल तर दोन्ही भिंतींत आडवे अडकलेले ओंडके दिसतील, डोक्याच्या कितीतरी वर. मागचा पूर तिथवर होता.

गार पाणी

यावर थोडं थांबतो, कारण तुमच्या प्रश्नात याचा उल्लेखच नाही आणि ऑक्टोबरात बरेच गट याच कारणाने अडचणीत येतात.

स्लॉटमध्ये ऊन जवळजवळ उतरत नाही. बाहेर २० अंश आणि आत पाण्याजवळ १० अंश, हे नेहमीचं. नॅरोजचं पाणी ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत १० अंशांच्या आसपास येतं आणि नोव्हेंबरात आणखी उतरतं. वाहतं नसलेलं, सावलीत साचलेलं पाणी त्याहून वाईट. सप्टेंबरात भरलेला डोह बाष्पीभवन मंदावल्यामुळे आठवडेच्या आठवडे तसाच राहतो आणि रोज रात्री गारठत जातो. म्हणून ‘तीन आठवडे पाऊस नाही, म्हणजे बकस्किन कोरडा असेल’ हा तर्क जूनमध्ये चालतो, ऑक्टोबरात नाही. परमिट देणाऱ्या कार्यालयाला किंवा आदल्या दोन-तीन दिवसांत जाऊन आलेल्यांना विचारा: पाणी कुठपर्यंत आणि किती खोल?

पायापासून सुरुवात करू. नॅरोजसाठी घोटा धरून ठेवणारे, चिकट रबरी तळव्याचे बूट आणि आत ३ ते ४ मिलिमीटर जाडीचे निओप्रिनचे (फेसासारख्या रबराचे) मोजे. निओप्रिन पाय कोरडे ठेवत नाही. आत शिरलेलं पाणी अडवून धरतं आणि अंगाच्या उबेने ते कोमट होतं. म्हणून मोजा घट्ट बसायला हवा, सैल असेल तर दर पावलाला गार पाणी आत-बाहेर होत राहतं. मोजा जाड असल्यामुळे बूट नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा घ्या. बोटं दाबली गेली तर रक्तच पोचत नाही आणि मोज्याचा उपयोग शून्य. वाळू आत गेली की थांबून बूट-मोजे काढून धुवा. ‘पुढे बघू’ म्हणाल तर दोन तासांत टाचेची साल निघालेली असेल. ‘वॉटरप्रूफ’ चामडी ट्रेकिंग बूट इथे नकोत, एकदा वरून पाणी भरलं की ते बादलीसारखं घेऊन चालावं लागतं.

झायनच्या दाराशी, स्प्रिंगडेल गावात, हे सगळं भाड्याने मिळतं. निओप्रिन पँट किंवा पूर्ण ड्रायसूटही, म्हणजे पाणी आत येऊ न देणारा पोशाख, मिळतो. ऑक्टोबरच्या मध्यानंतर नॅरोजमध्ये दोन तासांहून जास्त राहणार असाल तर ड्रायसूट घ्या, कंजुषी करू नका. सोबत एक जाड लाकडी काठी देतात, ती मुकाट्याने घ्या. बारीक ट्रेकिंग पोल वाहत्या पाण्यात थरथरतो आणि दोन गोट्यांच्या फटीत अडकून वाकतो.

अंगावर सुती काहीही नको, आतले कपडेसुद्धा. सिंथेटिक किंवा लोकरीचा थर, त्यावर फ्लीस, वर वाऱ्याला अडवणारं जॅकेट. सॅकमध्ये प्रत्येकाचा एक पूर्ण कोरडा जोड, टोपी-हातमोज्यांसकट, ड्राय बॅगमध्ये, आणि ती ड्राय बॅग दुसऱ्या जाड पिशवीत. दुहेरी का, तर अरुंद जागी सॅक भिंतीला घासते, वालुकाश्म कापड फाडतो, आणि नेमकी तीच पिशवी नंतर डोहात पडते. बंद करण्यापूर्वी ड्राय बॅगचं तोंड किमान तीन वेळा गुंडाळा आणि एकदा दाबून हवा सुटते का ते बघा.

अंग गार पडतंय हे त्या माणसाला स्वतःला शेवटी कळतं. म्हणून एकमेकांवर नजर ठेवा. बकल लावता येत नाही, जॅकेटची चेन ओढता येत नाही, बोलताना जीभ जड होते, सपाट जागी ठेच लागते. पहिली खूण दिसली की तिथून परत फिरा, ‘पुढच्या वळणापर्यंत’ नाही. उन्हाचा तुकडा गाठा, ओले कपडे काढा, कोरडे घाला, गोड काहीतरी खायला द्या. माणूस थरथरत होता आणि आता शांत झाला, पण उबेला आलेला नाही, तर ते बरं वाटण्याचं लक्षण समजू नका. तिथून प्रकरण गंभीर आहे. आणि जेवायला सावलीत बसू नका. पंधरा मिनिटं ओल्या अंगाने बसलं की पुढचा तासभर अंग तापत नाही.

दिवस किती मोठा

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिथे साडेअकरा तासांचा दिवस असतो आणि सूर्य सातच्या सुमारास मावळतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळ एक तास मागे घेतात. त्यानंतर सूर्यास्त एकदम साडेपाचच्या आसपास येतो आणि दिवस साडेदहा तासांचा राहतो. तुमच्या आठ दिवसांत हा रविवार येत असेल तर बेत दोन वेगळ्या घड्याळांवर मांडा. खोल स्लॉटमध्ये वाचता येण्याजोगा उजेड सूर्यास्ताच्या बराच आधी संपतो.

दुसरी घड्याळाची गंमत: ॲरिझोना उन्हाळी वेळ पाळत नाही, युटा पाळतं. त्यामुळे त्या रविवारापर्यंत ॲरिझोनातलं पेज गाव आणि युटातलं कानाब गाव यांच्यात एक तासाचा फरक असतो. सीमेजवळ मोबाईल कधी या टॉवरची वेळ धरतो, कधी त्या. त्यात नवाहो राष्ट्र, म्हणजे नवाहो आदिवासींचा स्वशासित प्रदेश, स्वतः उन्हाळी वेळ पाळतं. अँटिलोप कॅन्यन त्यांच्याच जमिनीवर आहे आणि तिथे वाटाड्याशिवाय जाता येत नाही, तेव्हा आरक्षण करताना ‘कुठल्या घड्याळाने?’ हे विचारून घ्या आणि हातातल्या घड्याळात हाताने वेळ लावून टाका.

परत फिरण्याची वेळ अंतरावर नाही, उजेडावर बांधा. नॅरोजमध्ये खालून वर जाताना प्रवाहाविरुद्ध ताशी दीड किलोमीटर झालं तरी चांगलं समजा. बिग स्प्रिंगपर्यंत येऊन-जाऊन साधारण १५ किलोमीटर होतात, आणि तो पूर्ण दिवस आहे. शरदात चौघांनी तो आकडा डोक्यातून काढलेला बरा. वॉल स्ट्रीट म्हणतात तो अरुंद टप्पा बघून फिरलात तरी सार मिळालं. परतताना प्रवाह पाठीशी असल्यामुळे सोपं वाटतं, पण पाय थकलेले असतात आणि बहुतेक घसरगुंड्या तेव्हाच होतात. उद्यानाच्या शेवटच्या बसची वेळही शरदात अलीकडे येते, ती सकाळी जातानाच बघून ठेवा. प्रत्येकाकडे हेडटॉर्च हवा, मोबाईलचा दिवा नव्हे. हात भिंतीला लागणार आहेत.

कातळ वेगळा आहे

सांदणचा अनुभव उपयोगी आहे, पण एका बाबतीत तो घातक ठरू शकतो. आपला बेसॉल्ट ओला झाला की निसरडा होतो, तुटत सहसा नाही. वालुकाश्मात दाणे एकमेकांना जेमतेम चिकटलेले असतात आणि ओल मुरली की ती पकड ढिली पडते. कोरडा असताना तुमचं वजन घेणारी कपार ओली असताना हातात येते. पावसानंतर किमान एक कोरडा दिवस, जोराच्या पावसानंतर दोन, चढाई करायची नाही. वरवर कातळ सुकलेला दिसला तरी आत ओल असते.

दुसरा नियम: परत चढता येणार नाही असं काही उतरू नका. अडकलेल्या धोंड्यावरून दोन मीटर खाली उडी मारणं सोपं असतं. पुढे वाट बंद निघाली, तर तेच दोन मीटर गुळगुळीत भिंतीवरून चढायचे असतात. १० ते १५ मीटरचा एक दोर आणि थोडी मजबूत विणलेली पट्टी (वेबिंग) सोबत ठेवा, सॅक खाली सोडायला आणि शेवटच्या माणसाला आधार द्यायला. रॅपल करून, म्हणजे दोरावरून उतरून, दोर खाली ओढून घ्यावा लागतो असे कॅन्यन या खेपेला नकोत. दोर ओढला की मागची वाट संपली, आणि पुढे असे खड्डे असू शकतात ज्यांच्यातून पोहत काठापर्यंत गेलं तरी वर निघता येत नाही. ते शास्त्र वेगळं आहे आणि आधी शिकून घ्यावं लागतं.

अरुंद जागी सॅक पाठीवर ठेवू नका. काढून एका हातात पुढे किंवा मागे धरा आणि खांदा आडवा करून सरका. छाती अडकली तर श्वास पूर्ण सोडा आणि किंचित वर सरका. फट बहुधा खाली जास्त अरुंद असते, त्यामुळे घाबरून खाली बसायला गेलं की माणूस आणखी घट्ट बसतो. सैल धोंड्यावर भार टाकण्याआधी तो हलवून बघा. एप्रिल २००३ मध्ये ब्लू जॉन कॅन्यनमध्ये ॲरन राल्स्टन याचा हात असाच एका हललेल्या धोंड्याखाली सापडला, आणि तो कुठे गेलाय हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पुरानंतरच्या आठवड्यात ओल्या वाळूत पाय रुततो. पॅरिया आणि कायोटी गल्चमध्ये हे सर्रास होतं. पृष्ठभाग थुलथुलीत हलताना दिसला तर काठीने चाचपून बाजूने जा, थांबू नका. गुडघ्यापर्यंत गेलात तर सरळ वर ओढू नका, खाली पोकळी तयार होऊन वाळू आणखी आवळते. मागे रेला, वजन पसरवा, पाय गोल-गोल हळू हलवा म्हणजे बाजूने पाणी आत शिरेल, आणि मग तिरका काढा. बुटाच्या नाड्या घट्ट असतील तर बूटही बरोबर येतो.

प्यायचं पाणी

माणशी दिवसाला ४ लिटर, थंडी असली तरी. थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक दीड लिटरवर दिवस काढतात आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात. शक्यतो सगळं पाणी बरोबरच न्या. नॅरोजमधलं पाणी गाळूनही पिऊ नका. व्हर्जिन नदीत विषारी सायनोबॅक्टेरिया सापडतात, आणि त्यांचं विष ट्रेकिंगचा फिल्टर किंवा उकळणं यांपैकी कशानेही खात्रीने जात नाही. डोकंही त्या पाण्यात बुडवू नका.

पॅरियासारख्या नदीत मुक्काम करणार असाल तर प्रश्न गाळाचा. ते पाणी थेट फिल्टरमध्ये घातलं की दोन लिटरांत फिल्टर गच्च. पातळ बादलीत पाणी भरून ठेवा, ४ लिटरांना पाव चमचा तुरटीची पूड घालून ढवळा आणि अर्धा-एक तास हात लावू नका. गाळ तळाला बसला की वरचं निवळ अलगद ओता आणि मग फिल्टर करा. तुरटीने जंतू मरत नाहीत, ते काम फिल्टरचंच. आणि शरदातली खास खबरदारी: पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा ओला झाल्यावर गोठला तर आतले तंतू फुटतात आणि बाहेरून काहीही दिसत नाही, पाणीही पूर्वीसारखंच येत राहतं. रात्री तो पिशवीत गुंडाळून झोपण्याच्या बॅगेत घ्या.

मुक्कामाची जागा पुराच्या रेषेच्या वर, म्हणजे काटक्या-पाला जिथे अडकलाय त्याच्याही वर. गार हवा खाली साचते, त्यामुळे तळापेक्षा थोड्या उंचीवरचा टप्पा रात्री चांगला उबदार लागतो. शौचाच्या पिशव्या पॅरिया-बकस्किनमध्ये आणि कायोटी गल्चमध्ये सक्तीच्या आहेत, सगळं परत आणायचं.

मग कोणते?

पहिल्या दिवशी लिटल वाइल्ड हॉर्स आणि बेल या दोन कॅन्यनची फेरी घ्या, गॉब्लिन व्हॅलीजवळ. सुमारे १३ किलोमीटर, किरकोळ चढउतार, दोर लागत नाही, कोरड्या हंगामात पाणी नसतं किंवा थोडं डबकं. या वाटेवर तुमच्या गटाचा वेग आणि अरुंद जागेची कुणाला भीती वाटते का, दोन्ही कळेल. ही भीती आधी ठाऊक असतेच असं नाही.

मग एस्कलांटेजवळचे पीक-अ-बू आणि स्पूकी. पीक-अ-बूमधून वर जा आणि स्पूकीतून खाली या, सगळे याच दिशेने जातात, नाहीतर अरुंद जागी समोरासमोर कोंडी होते. पीक-अ-बूच्या तोंडाशी तीन-चार मीटरची चढण आहे, खोबण्या कोरलेल्या, तरी एकाने वर जाऊन दोर द्यावा. स्पूकी काही जागी २५ सेंटिमीटरच रुंद आहे. अंगाने भारी असलेल्याने तिथे हट्ट करू नये, बाहेरून फिरून खाली भेटता येतं.

वायर पासमधून बकस्किन गल्च हा तिसरा. दिवसाच्या फेरीलाही परमिट लागतं. वायर पासची अडीच-तीन किलोमीटरची वाट स्वतःच देखणी आहे, मध्ये अडकलेल्या धोंड्यांची एक उतरण आहे. बकस्किनला मिळाल्यावर पाणी लागेपर्यंत जा आणि फिरा. आरपार जाण्याचा आणि आत मुक्काम करण्याचा विचार असेल तर रात्रीची परमिटं दिवसाला फक्त २० जणांना मिळतात, आणि ऑक्टोबरात ती आधीच संपलेली असतात. नॅरोज सगळ्यांत शेवटी ठेवा, हवा चांगली आणि मापकाचा आकडा ६० च्या खाली असेल त्या दिवशी. पावसाचा दिवस आला तर ब्राइसच्या काठावरून चाला. तिथली उंची २,४०० मीटरच्या वर, सकाळी वाटेवर बर्फाची पापडी असू शकते.

गाडीबद्दल दोन वाक्यं. होल-इन-द-रॉक रस्ता, हाउस रॉक व्हॅली रस्ता आणि कॉटनवुड कॅन्यन रस्ता मातीचे आहेत, आणि त्यांतली चिकणमाती भिजली की फोर-व्हील गाडीसुद्धा साबणावर ठेवल्यासारखी सरकते. पाऊस झाल्यावर त्यावर जाऊ नका, आणि आत असताना पाऊस आला तर रस्ता सुकेपर्यंत गाडीतच थांबायची तयारी ठेवा: दोन दिवसांचं जास्तीचं पाणी, खाणं, पांघरूण. ऑक्टोबरच्या मध्यानंतर युटात हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. राष्ट्रीय उद्यानांबाहेरच्या सरकारी जमिनीवर चालताना भडक केशरी काहीतरी अंगावर असू द्या.

कुठे जातोय, गाडी कुठे लावणार, किती वाजेपर्यंत परतलो नाही तर फोन करायचा, हे मागे राहिलेल्या एका माणसाला लिहून द्या. उद्यानाबाहेर शोध-बचावाचं काम त्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) शेरीफकडे, म्हणजे पोलीसप्रमुखाकडे, असतं, म्हणून काउंटीचं नावही लिहा. स्लॉटमध्ये मोबाईलला रेंज नाही, आणि आकाशाची चिंचोळी पट्टी दिसत असल्यामुळे जीपीएस भलतीच जागा दाखवतो. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र असेल तर ‘आत शिरतोय’ हा संदेश काठावरूनच पाठवा, आतून तो निघेलच याची खात्री नाही.

बकस्किन आरपार करायचाच असेल तर चौघांपैकी किती जणांना नीट पोहता येतं आणि दोरावर उतरण्याचा सराव कुणाला आहे, ते कळवा. त्याचं उत्तर वेगळं लिहावं लागेल.